कोयनानगरजवळ मलबारी कर्णा पक्षी (Malabar Trogon): सकाळच्या 3 तासांत कुठे शोधू? मदत हवी आहे

मी साताऱ्याचा. कामानिमित्त दर महिन्याला दोन दिवस कोयनानगरला मुक्काम असतो. साइटवर साडेनऊला हजर व्हावं लागतं, म्हणजे पक्ष्यांसाठी हातात पहाटेपासून जेमतेम 3 तास. दुचाकी आहे, 8x42 दुर्बीण आहे, कॅमेरा नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत चार सकाळी हेळवाकहून कुंभार्ली घाटाच्या रस्त्यावर फिरलो. राखी धनेश, हळद्या, स्वर्गीय नर्तक छान दिसले. कर्णा मात्र नाही. तो मधल्या उंचीच्या फांदीवर, बहुधा आपल्याकडे पाठ करून, निश्चल बसतो. तांबूस पाठ पानांत मिसळून जाते. नराचं लाल पोट दिसलं तरच नजर ठरते. एकदा खालच्या दरीतून त्याच्यासारखी शीळ आली, पण खात्री नाही.

मोबाइलवर आवाज वाजवून त्याला बोलवायचं नाही, हे पक्कं. विणीच्या तोंडावर तर नकोच. परवानगीशिवाय कोयना अभयारण्यातही शिरणार नाही.

मार्चमध्ये पुन्हा जातोय. नवजा गावाच्या बाजूला जावं की कुंभार्लीतच थांबावं? आणि नवजाकडे सकाळी सातच्या आत वनखात्याची परवानगी व स्थानिक वाटाड्या मिळतो का?