झाडाने कुंडी भरली, तर मोठी कुंडी आणावी की मुळे छाटावीत?

गॅलरीतला माळी:
कुंडीच्या तळाच्या भोकातून मुळे बाहेर डोकावू लागली की बहुतेक घरांत लगेच मोठी कुंडी आणली जाते. या सवयीला माझा विरोध आहे. ठाण्यातील आमची गॅलरी जेमतेम साडेतीन फूट रुंद आहे. तेथील स्नेक प्लांट (तलवारीसारख्या उभ्या पानांचे शोभेचे झाड) ६ इंची कुंडीतून ८, मग १० आणि शेवटी १२ इंची कुंडीत गेले, आणि ओल्या मातीसकट ती कुंडी हलवायला दोघे लागू लागले, तेव्हा मी थांबलो. आता दर दोन वर्षांनी मी झाड बाहेर काढतो, मुळांच्या गोळ्याचा खालचा आणि कडेचा मिळून सुमारे पाव भाग धारदार सुरीने कापतो, जादा कंद वेगळे करतो आणि नवी माती घालून झाड पुन्हा त्याच कुंडीत लावतो. बोन्साय करणारे पिढ्यान्‌पिढ्या मुळे छाटत आले आहेत. मग घरातल्या झाडाला कात्री लावताना आपला हात का थरथरावा?

पानोपानी:
तुमचे म्हणणे स्नेक प्लांटपुरते मान्य आहे, कारण त्याचे आडवे कंद कापले तरी प्रत्येक तुकड्यातून नवा फुटवा येऊ शकतो. पण हाच नियम अरेका पामला लावाल, तर पस्तावाल. मी तो प्रयोग केलेला आहे. छाटणीनंतर दोन महिन्यांत त्याची पाने टोकाकडून तपकिरी होत गेली आणि झाड हातचे गेले. पाम जातीच्या झाडांना मुळांना धक्का लागलेला मानवत नाही आणि थोडी दाटी त्यांना चालते.

मोठ्या कुंडीची बदनामीही चुकीच्या कारणासाठी होते. दोष कुंडी मोठी असण्याचा नसून एकदम मोठी उडी घेण्याचा आहे. ६ इंची कुंडीतील झाड १२ इंची कुंडीत लावले, तर व्यास दुप्पट होतो, पण उंचीही त्याच प्रमाणात वाढत असल्यामुळे माती आठपट होते. जेथे मुळे पोहोचलेलीच नाहीत, तेथील पाणी ओढून घेणारे कोणी नसते. ती माती दिवसेंदिवस ओली राहते, मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. तेच झाड ८ इंची कुंडीत गेले, तर माती सव्वादोन-अडीचपटच वाढते आणि मुळे ती एका हंगामात व्यापतात. म्हणून एका वेळी दोन इंच, त्याहून अधिक नाही.

निंबोळी:
आपण दोघेही कुंडीच्या मापावर भांडत आहात. माती कोणीच पाहत नाही. आपल्याकडच्या नर्सरींत येणारी पुष्कळ रोपे आंध्रातील कडियमसारख्या भागांतून लाल चिकणमातीच्या घट्ट गोळ्यासह येतात. तो गोळा तसाच उचलून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि गांडूळखताच्या भुसभुशीत मिश्रणात बसवला, की पाणी मोकळ्या वाटेने कडेने निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. वरून माती ओली दिसते, झाड मात्र तहानलेले. कुंडी ६ इंची असो वा १२, हा गोळा बादलीत अर्धा तास भिजवून हलक्या हाताने मोकळा केलाच पाहिजे. अरेकाच्या बाबतीतही, फक्त तेथे मुळे न तोडता.

आणखी एक. निचऱ्यासाठी तळाशी विटांच्या तुकड्यांचा थर घालू नये. बारीक मातीतले पाणी, ती पुरती भिजल्याखेरीज, खालच्या जाड थरात उतरत नाही. त्यामुळे चिखलाचा पट्टा उलट मुळांच्या अधिक जवळ सरकतो. भोकावर एक खापरी ठेवावी, तीही माती वाहून जाऊ नये एवढ्यासाठीच.

पानोपानी:
खापरीबद्दल सहमत आहे, जरी आमच्या घरी हे सांगितले तर सासूबाई मला वेड्यात काढतील.

गॅलरीतला माळी:
अरेकाचा मुद्दा मी स्वीकारतो. पामच्या मुळांना यापुढे सुरी लावणार नाही. छाटणीच्या वेळेबाबतही एक खुलासा करतो. मी हे काम पहिल्या पावसानंतर, जूनच्या मध्यावर करतो, कारण कोकणपट्टीत तेव्हा हवेत दमटपणा असतो आणि मुळे कमी झाली तरी पाने मान टाकत नाहीत. विदर्भातील वाचकांनी मात्र पाऊस येण्याआधी, मे महिन्याच्या कोरड्या उन्हात घाई करू नये.

तरीही मूळ प्रश्न उरतोच. दोन-दोन इंचांच्या हिशेबाने सात-आठ वर्षांत झाड १४ इंची कुंडीत पोहोचते. त्यानंतर काय करायचे? सदनिका तर झाडाबरोबर वाढत नाही.

पानोपानी:
सात-आठ वर्षांत अरेकाची खोडे दाट होतात. तेव्हा झुडूप मुळांसह दोन भागांत विभागावे, एक भाग आपल्याकडे ठेवावा आणि दुसरा सोसायटीच्या आवारात सावलीची जागा पाहून जमिनीत लावावा. त्यात मुळे तुटतातच, हे मी नाकारत नाही; पण दर दोन वर्षांनी तोडण्यापेक्षा आठ वर्षांतून एकदा तोडलेली बरी.

गॅलरीतला माळी:
म्हणजे सुरी तुम्हीही ठेवलेली आहे, फक्त जरा उशिरा काढता.