मदत हवी आहे: गोव्यातल्या मुस्लिम स्त्रिया, नागरी कायदा आणि निकाह

नमस्कार मंडळी,

मी डिचोलीची. धर्म-अभ्यासात पीएचडीचा आराखडा बांधतेय. विषय आहे धर्मनिरपेक्ष राज्य, इस्लाम आणि स्त्री, आणि क्षेत्र गोवा.

गोव्याबाहेरच्यांसाठी थोडी माहिती देते. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता (लग्न, मालमत्ता, वारसा यांचा कायदा) इथे मुक्तीनंतरही चालू राहिली, ती १९६२ च्या केंद्रीय कायद्यामुळे. मुसलमानांच्या लग्न-वारशाला इस्लामी नियम लावणारा १९३७ चा शरियत कायदा गोव्यात आलाच नाही. म्हणून इथल्या मुसलमान जोडप्यालाही लग्नासाठी नोंदणी कार्यालयात दोनदा जाऊन पहिली सही, दुसरी सही करावी लागते. निकाह वेगळा होतो. दुसरी बायको नाही. वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता नवरा-बायकोची सामाईक. वारसाहक्कात मुलगा-मुलगी समान.

उत्तराखंडात जानेवारी २०२५ मध्ये समान नागरी कायदा लागू झाल्यापासून गोव्याचा दाखला जास्तच दिला जातो. पण १८८० च्या हिंदू रीतिरिवाजांच्या संहितेत, बायकोला पंचविशीपर्यंत मूल किंवा तिशीपर्यंत मुलगा झाला नाही तर हिंदू पुरुषाला तिच्या संमतीने दुसऱ्या लग्नाची सवलत आहे, हे त्या चर्चेत क्वचितच निघतं. मला हे फार खटकतं. मुसलमान बाईचं नाव मात्र समान नागरी कायदा हवा म्हणणारे आणि नको म्हणणारे दोघेही घेतात आणि तिला विचारत कुणीच नाही.

माझा मूळ प्रश्न मानववंशशास्त्रज्ञ सबा महमूद यांच्या इजिप्तवरच्या लिखाणातून आला. त्या दाखवतात की आधुनिक राज्याने बाकीचे कायदे धर्मापासून सोडवले, पण कुटुंबाचा कायदा धर्माकडे ठेवला; त्यामुळे कुटुंब, आणि कुटुंबातली बाई, हीच धार्मिक ओळखीची मुख्य जागा होऊन बसली. उर्वरित भारताला हे बरंच लागू पडतं. गोव्यात मात्र कुटुंबाचा कायदाही धर्माच्या हाती नाही. मग इथे ती ओळख कुठे जाते? पेहरावात, मदरशात, मेहरच्या (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायच्या) रकमेत, की सोयरिकी जुळवण्यात? हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तेव्हा मागितलेलं (तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, समान नागरी कायदा आणा) बरंचसं गोव्यात कागदावर होतं. त्या कागदाचं घरात काय झालं, हे मला बायकांच्याच तोंडून ऐकायचंय.

आता मदत. सगळ्यात मोठी अडचण बायकांशी ओळख काढण्याची आहे. वाळपई, साखळी, वास्को भागात घरी गेलं की बोलतात नवरा किंवा थोरला भाऊ. बाई चहा ठेवून आत जाते. मी हिंदू, त्यात हातात वही. तिला वाटणारच की ही काहीतरी काढून घ्यायला आलीय. कुणी शिक्षिका, अंगणवाडी सेविका किंवा बचतगटात काम करणारी ताई असेल तर सांगा, सुरुवात कुठून करू? थेट तलाकचं विचारायचं नाही एवढं ठरवलंय.

दुसरं, इन्व्हेन्ट्रीची (वारसांत मालमत्ता वाटण्याची कोर्टातली) कामं करणाऱ्या वकिलांना विचारायचंय. मुस्लिम कुटुंबं वाटणीसाठी कोर्टात येतात का, आणि आल्यावर बहिणी आपला वाटा घेतात की भावासाठी सोडून देतात? हिंदू घरांत बहिणी काय करतात तेही सांगा, कारण तुलना त्याच्याशीच होणार. कुणाचंही नाव-गाव लागणार नाही.

आणि १९६१ पूर्वीच्या हस्तलिखित पोर्तुगीज विवाहनोंदी वाचू शकणारं कुणी माहितीत आहे का? छापील पोर्तुगीज मला जेमतेम येतं, त्या अक्षरापुढे मी हात टेकते. रीतसर मानधन देईन.

इथे उघड लिहायचं नसेल तर व्यक्तिगत निरोप करा. मुस्लिम भगिनींपैकी कुणाला हा विषयच चुकीच्या बाजूने धरलाय असं वाटत असेल, तर ते सर्वांत आधी लिहा. आराखडा अजून जमा केलेला नाही, बदलता येईल.