मदत हवी आहे: मुलगा १८ वर्षांचा होतोय, पालकत्वाचा अर्ज कसा करायचा?

नमस्कार. माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. जूनमध्ये त्याला १८ पूर्ण होतील, शाळाही सुटेल. राष्ट्रीय न्यास कायदा, १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करता येतो, एवढं कळलंय. नाशिकमध्ये कुणी केलाय का? मुलाला समितीसमोर न्यावं लागतं का? अनोळखी खोली, गर्दी, ताटकळणं त्याला अजिबात सोसत नाही.

आणि कामाचं काय? मोजून पाकिटं भरायला बसला की तासन्‌तास चुकत नाही. बोलतो कमी, पण नको असेल तर हात मागे घेतो. सही आमची असली तरी निर्णय त्याला विचारूनच व्हावेत, असं मनापासून वाटतं. अशा मुलांना समजून घेणारी कार्यशाळा माहीत असेल तर कृपया सांगा.