आर१ए निघाला म्हणून आपण नक्की कुठले?

खारवडा
काकांनी हौसेने डीएनए चाचणीसाठी थुंकीची डबी पाठवली. निकाल आला: वाय-गट (बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुणसूत्राची ओळ) आर१ए, त्यातली शाखा झेड९३. तेव्हापासून घराण्याच्या ग्रुपवर रोज "आपण मूळ आर्य" चालू आहे. माझ्या मते हा निव्वळ पोरखेळ. दहा पिढ्या मागे गेलं की त्या पायरीवर १०२४ पूर्वज उभे असतात (नात्यातली लग्नं धरली तर थोडे कमी). वाय गुणसूत्र त्यातल्या एकट्या पुरुषाचं, बाकीच्यांबद्दल ते मूग गिळून बसतं.

खरी गंमत पुढे आहे. कुलवृत्तांत काढला, तर खापरपणजोबांच्या नावापुढे बारीक अक्षरात "(दत्तक)". राजापूरकडच्या शांडिल्य गोत्री घरातून आणलेले. आम्ही काश्यप! काका मिरवतायत तो वाय आमच्या कुलपुरुषाचा नाहीच.

गणिती
काकांवरचा राग विज्ञानावर काढू नका. एकट्याचा वाय फार बोलत नाही, हजारोंचा बोलतो. भारत आणि मध्य आशियात झेड९३, पोलंड-रशियाकडे झेड२८२, या दोन भावकीच आहेत. त्यांचा सामायिक पूर्वज साधारण ५,८०० वर्षांपूर्वीचा. बाप हलल्याशिवाय असा नकाशा पडत नाही. युरेशियातल्या स्टेप या गवताळ प्रदेशातला वंशांश इ.स.पू. २००० ते १५०० च्या सुमारास इकडे आला, हे २०१९ मध्ये प्राचीन डीएनएवरून मांडलं गेलंय.
आणि दत्तक बहुधा भाऊकीतलाच घेत. तुमचं घर अपवाद.

शंकेखोर
मग आंध्रच्या जंगलातल्या चेंचू आदिवासींमध्ये आर१ए कसा? ते कोणत्या घोड्यावरून आले? शिवाय हरियाणातल्या राखीगढीच्या सिंधूकालीन सांगाड्यात स्टेपचा अंशच नाही, हे पुरातत्त्वज्ञ वसंत शिंदे आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. आर१ए इथलाच.

गणिती
राखीगढीचा तो सांगाडा बाईचा होता हो. तिच्यात वाय कुठून येणार? आणि सिंधू संस्कृतीच्या ऐन काळात तो अंश नाही, आज मात्र आहे, म्हणजे मागाहून आला. तुमचा पुरावा माझ्याच बाजूने साक्ष देतोय. चेंचूंमध्ये आज तो आहे एवढ्यावरून तो तिथे कधी पोचला, हे कळत नाही.

शंकेखोर
बरं, मग तुम्ही सांगितलेल्या २०१९ च्या अभ्यासातलं पाकिस्तानातलं स्वात खोरं घ्या. तिथल्या लोहयुगीन पुरुषांत झेड९३ अगदी मोजका. स्टेपचा अंश तिथे जास्त करून बायकांकडून आलेला दिसतो. "बाप हलले" कुठे गेलं?

गणिती
हा मुद्दा मान्य. स्वातची गोष्ट वेगळी, पुढे गंगेच्या मैदानातली वेगळी. मी एकच सरळ रेघ ओढली, ती चुकली. पण म्हणून आर१ए इथेच उगवला असं होत नाही.

माजघर
सगळे बापाच्याच मागे लागलात. पारशी बघा: पुरुषांच्या ओळी इराणकडे झुकतात, आयांच्या बऱ्याचशा गुजरातकडच्या. मुंडा भाषा बोलणाऱ्यांचंही तसंच, वाय आग्नेय आशियातून आलेला, आईकडचं बहुतेक इथलंच. (आपल्या मेळघाटातले कोरकू त्याच भाषाकुळातले.) नुसता वाय बघणारा या लोकांना परदेशी ठरवेल, नुसती आई बघणारा इथलेच म्हणेल. दोघेही अर्धंच वाचतात. कुलवृत्तांतही तसाच. माझ्या आजीच्या नावापुढे माहेरचं आडनाव आणि "तीन अपत्ये" एवढंच छापलंय.

खारवडा, काकांच्या निकालात आईकडची ओळही असेल ना? ती काय निघाली?

खारवडा
एम निघाली, भारतात सर्वांत जास्त आढळणारी. ग्रुपवर त्या पानाचा फोटो टाकलाच नव्हता, मागून घ्यावा लागला.

दत्तकाची गोष्ट वायवरून पडताळायची तर राजापूरच्या मूळ घरातला एक पुरुष हवा. एक लांबचा चुलतभाऊ सापडलाय, काल फोन केला. तो म्हणाला, "थुंकायला माझी ना नाही. पैसे कोण भरणार, काश्यप की शांडिल्य?"