डेपेश मोडचं 'बेस्ट ऑफ' घेऊ का?

कोराकान:
या ब्रिटिश इलेक्ट्रॉनिक बँडची दोन-चारच गाणी ऐकलीत. २००६ चं 'बेस्ट ऑफ व्हॉल्यूम १' घ्यावं म्हणतोय, एकाच सीडीत सगळं उरकतं. कसंय?

जुनीकॅसेट:
गाण्यांना नावं ठेवायला जागाच नाही रे, पण क्रम लावणाऱ्याला धरून हाणायला पाहिजे. पहिलंच गाणं १९८९ चं 'पर्सनल जीझस', तो गिटारचा खरखरीत रिफ (परत परत वाजणारी छोटी धून) डोक्यात बसतोय न बसतोय तोवर लगेच १९८१ चं 'जस्ट कान्ट गेट इनफ', एकदम उड्या मारणारं पॉप, तेही व्हिन्स क्लार्कने लिहिलेलं, जो पहिल्या अल्बमनंतर बँड सोडून गेला आणि पुढचं बहुतेक सगळं बँडमधल्याच मार्टिन गोरने लिहिलं. नवख्याला वाटेल दोन वेगळे बँड आहेत. त्यापेक्षा 'सिंगल्स ८१-८५' आणि 'सिंगल्स ८६-९८' घे. दुसऱ्यात शेवटची दोन सोडली तर सगळं सालवार आहे, त्यामुळे आवाज कसा काळवंडत गेला ते कळतं.

हेडफोनवाला:
सालवार वगैरे ठीकय, पण ती सिंगल व्हर्जन्स (गाणं अल्बमबाहेर सुटं काढतात तेव्हाची रूपं) आहेत हे पण सांगा ना. 'इन युअर रूम'चं सिंगल म्हणजे पूर्ण वेगळा मिक्स, अल्बमवरचं सावकाश चढत जाणारं ऐकल्यावर हे फारच सपक वाटतं. मला तरी.

जुनीकॅसेट:
सपक?? मला तेच जास्त आवडतं 😄

कोराकान:
बरं, ८६-९८ पासून सुरू करतो. भांडण चालू द्या.