तंजावर: गाडी नकोच

तंजावरात एक मोकळा दिवस मिळाला तर गाडी करून आसपासची दारासुरम, कुंभकोणम ही देवळांची गावं उरकून घ्यावीत, असं बरेच जण सुचवतात. माझं मत उलट. एकच दिवस असेल तर गावातच पायी फिरा. मोठं देऊळ (बृहदीश्वर), राजवाडा, बाजार सगळं चालण्याच्या टप्प्यात आहे.

बृहदीश्वराला सकाळी लवकर गाठा. राजराज चोळाने 1010 च्या सुमारास पुरं केलेलं हे देऊळ दुपारी काही तास बंद असतं, आणि उन्हात अनवाणी तो फरसबंदी चौक ओलांडणं म्हणजे तव्यावर चालणं. नंदी आणि शिखर बघून बहुतेक मंडळी परत फिरतात. तुम्ही मात्र नैऋत्य कोपऱ्याकडच्या भिंतीपाशी जा. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी यांनी 1803 मध्ये कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास तिथे आहे, चक्क मराठीत! भाषा जुन्या वळणाची असली तरी अधूनमधून ओळखीचे शब्द लागत जातात.

जवळच शिवगंगा बागेपाशी श्वार्ट्झ चर्च आहे. आतल्या संगमरवरी शिल्पात मृत्युशय्येवरच्या आपल्या गुरूचा, म्हणजे मिशनरी श्वार्ट्झचा, हात धरून सरफोजीराजे उभे आहेत. फारसं कुणी फिरकत नाही, पण मला ते नंदीपेक्षा जास्त आवडलं (देवा, माफ कर).

मग वाटेत कॉफी घेऊन राजवाडा. वाड्याची निगा यथातथाच, पण सरस्वती महाल ग्रंथालयाचं छोटं संग्रहालय चुकवू नका. मोडी कागदपत्रांचा मोठा साठा याच ग्रंथालयात आहे. सोबत पाणी आणि टोपी हवीच.