पलंग सरकवला, रंग फसला : खोली सजवण्याचे घरगुती अनुभव

गेल्या रविवारी आम्ही पलंग या भिंतीवरून त्या भिंतीवर नेला. एवढंच. खर्च शून्य, वेळ दोन तास, आणि पलंगाखाली चार मोजे सापडले (चारही वेगवेगळ्या जोड्यांचे). पण रात्री खोलीत पाऊल टाकलं तर दुसऱ्याच कुणाच्या घरी आल्यासारखं वाटलं. आधी मी वर्तमानपत्राची पानं चिकटवून पलंगाच्या मापाचा कागद केला आणि तो जमिनीवर फिरवून पाहिला. दोन्ही बाजूंना चालायला ६० सेंटिमीटर तरी जागा उरते का, कपाटाचं दार पूर्ण उघडतं का, हे कागदावरच कळलं.

तर झोपायच्या खोलीत, जुन्या फर्निचरवर, सणासुदीला तुम्ही स्वतःच्या हातांनी काय काय केलंत ते लिहा. फसलेलं आधी. जमलेल्याचे फोटो सगळेच दाखवतात. आलेले अनुभव खाली आहेत, प्रत्येक चांदणीनंतर लिहिणारं माणूस वेगळं. शेवटी पुन्हा मी.

*

मग माझ्यापासूनच सुरुवात. शेडकार्डवरच्या बोटभर चौकोनावर विसंबून भिंतीचा हिरवा निवडला. चौकोनात तो शांत, पोपटीच्या वाटेलाही न जाणारा होता. चारही भिंतींवर चढल्यावर असा काही ओरडायला लागला की नवरा म्हणाला, 'यात झोपायचं की पोहायचं?' मोठ्या पृष्ठभागावर रंग जास्त तीव्र भासतो, शिवाय समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकतात, हे नंतर कळलं.

आता मी मोठ्या पुठ्ठ्यावर रंगाचे दोन हात देते आणि तो पुठ्ठा आठवडाभर खोलीत हिंडवते. सकाळी खिडकीजवळ, दुपारी कोपऱ्यात, रात्री दिव्याखाली. रात्रीचं बघणं सर्वांत महत्त्वाचं, कारण झोपायच्या खोलीत आपण जागे असतो ते बहुतेक रात्रीच. दिव्याच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो: २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. आमच्याकडे ६५०० चा होता. तो बदलला आणि तोच हिरवा निम्मा तरी निवळला. आधी दिवा बदलून पाहिला असता तर रंगकाम कदाचित टळलंही असतं.

*

बाबांचं लिहायचं टेबल. वर काळपट, चिकट थर, कपबशीची पांढरी वर्तुळं. मला खालचं लाकूड दिसायला हवं होतं.

पहिला प्रश्न, वर मुळात आहे काय? एका जाणत्या सुताराने सांगितलं की टेबलाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस थोडा वेळ टेकवून ठेव. थर मऊ होऊन कापसाला लागला तर ते लाखेचं पॉलिश. लागला. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, त्यामुळे जुना थर काढायला स्पिरिट आणि फडकी पुरली. (थर जाड आणि फार जुन्या रंगाचा असेल तर मात्र कोरडा घासू नका. जुन्या रंगांत शिसं असू शकतं आणि ती धूळ श्वासातून आत जाते.)

मग पॉलिश पेपर. १२०, मग १८०, मग २२० नंबरचा (आकडा वाढेल तसा कागद बारीक), याच क्रमाने. मी हुशारी करून १२० वरून थेट २२० वर आलो, आणि दोन ठिकाणी लाकडाच्या रेषांना आडवा हात फिरवला. कोरड्या लाकडावर काही दिसलं नाही. डाय, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, लावल्याबरोबर ते सगळे आडवे ओरखडे काळ्या केसांसारखे उमटले. पुन्हा सगळं घासलं. तेव्हापासून मी डाय लावण्याआधी दिवा टेबलाच्या कडेला, अगदी आडवा धरतो. तिरप्या उजेडात ओरखडा लपत नाही.

दुसरी चूक घाईची. वॉर्निशचा पहिला हात बोटाला कोरडा लागला म्हणून दुसरा दिला आणि त्याला सुरकुत्या आल्या. कोरडेपणा बोटाला विचारायचा नाही, पॉलिश पेपरला विचारायचा. हलकंसं घासून पांढरी भुकटी पडली तर वाळलं. कागदावर चिकट गोळ्या जमल्या तर फडकं ठेवून द्या आणि दुसऱ्या दिवशी या. पुढचे तीन पातळ हात मी चार दिवसांत दिले.

एका कोपऱ्यात बाबांच्या शाईचा डाग राहिला. तो घासून काढता आला असता. नाही काढला.

*

टेबलावरून आठवलं, आणि हे गमतीचं नाही. मी स्टुलाला जवसाचं तेल चोळलं. काम झाल्यावर तेलाची फडकी गोळा करून पुठ्ठ्याच्या खोक्यात कोंबली आणि जेवायला गेले. परत येऊन बघते तर खोलीत विचित्र वास, आणि खोक्याला हात लावला तर तो कोमट! आतलं फडकं तर चटका बसेल इतकं गरम.

हे तेल हवेतला प्राणवायू शोषून सुकतं आणि त्या क्रियेत उष्णता निघते. फडकं पसरलेलं असेल तर ती उडून जाते. बोळ्यात ती अडकते, वाढत जाते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. ना काडी लागते, ना ठिणगी. आता मी फडकी बाहेर मोकळ्या हवेत एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवते, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवते. तेल बाकी सुंदर दिसतं हो, लाकडाचा कण न् कण उठून येतो.

*

लॅमिनेटचं कपाट रंगवलं. पंधरा दिवसांत हँडलजवळ रंग सालीसारखा सुटला. लॅमिनेट गुळगुळीत आणि निर्जीव, रंग धरणार कशाला? दुसऱ्यांदा नीट केलं: साबणाच्या पाण्याने हाताचा तेलकटपणा काढला, २२० च्या पॉलिश पेपरने चमक मोडली, गुळगुळीत पृष्ठभागाला धरणारा प्रायमर दिला आणि मग रंगाचे दोन पातळ हात. दारं काढून आडवी ठेवली, म्हणजे ओघळ येत नाहीत. (प्रत्येक दाराला आणि बिजागरीला नंबर टाका. मी टाकले नव्हते. त्यात एक अख्खी संध्याकाळ गेली.)

तरीही एक राहिलंच. हाताला कोरडा लागलेला रंग आतून पक्का व्हायला दोन-तीन आठवडे घेऊ शकतो. मी दारं दुसऱ्याच दिवशी गच्च बंद केली आणि ती चौकटीला चिकटली. उघडताना आलेला टर्रर आवाज अजून कानात आहे.

*

भाड्याचं घर, खिळा ठोकायला बंदी. त्यामुळे माझी सगळी सजावट जमिनीवर किंवा टेकवलेली. चित्रं टेबलावर भिंतीला टेकून, मोठा आरसा कोपऱ्यात, पायाशी लांबट दिवा. छतावरचा दिवा मी रात्री लावतच नाही. उशाशी एक आणि कोपऱ्यात एक, बस. चिकटपट्टीचे हुक वापरलेत, पण काढताना पट्टी आपल्याकडे ओढली की भिंतीचा पोपडा सोबत येतो. ती भिंतीला समांतर, खालच्या दिशेने, सावकाश ताणायची. आधी लावलेल्या पडद्याच्या दांडीची भोकं होती म्हणून पडदे जमले. पण दांडी खिडकीला चिकटून होती. ती १५ सेंटिमीटर वर आणि दोन्हीकडे तेवढीच बाहेर असती तर खिडकी मोठी दिसली असती. घरमालकांना विचारलंय. उत्तराची वाट बघतेय.

*

आमच्याकडे वाकवलेल्या लाकडाची, वेताच्या बैठकीची खुर्ची आहे, त्या प्रसिद्ध घडणीची. मिखाएल थोनेट या फर्निचर कारखानदाराने १८५९ मध्ये आणलेली ती १४ नंबरची खुर्ची फक्त सहा लाकडी तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट यांत बसते. सुटी करून ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात पाठवत असत. आमची त्या कारखान्याची आहे असं मी म्हणत नाही, घडण ती. बैठक खोलगट झाली होती आणि मी ती टाकायला निघालो होतो. कुणीतरी म्हणालं, खुर्ची उलटी करून वेत खालून ओल्या फडक्याने भिजव. वरून पॉलिश असतं, पाणी आत जात नाही, खालून जातं. तासाभराने फडकं काढलं, खुर्ची सावलीत वाळत ठेवली. सुकताना वेत आक्रसतो. दुसऱ्या दिवशी बैठक तबल्यासारखी ताणलेली! वेत तुटलेला असेल किंवा प्लॅस्टिकचा असेल तर हे चालत नाही.

*

सणांचं मी लिहिते, वयाने बहुधा मीच मोठी असेन. माझ्याकडे सजावटीचा एकच खोका आहे आणि झाकण लागलं पाहिजे हा नियम. नवीन आलं की जुन्यातलं काहीतरी नातवंडांना. दिव्यांच्या माळा पुठ्ठ्याभोवती गुंडाळून ठेवते आणि वर चढवण्याआधी जमिनीवर लावून बघते. शिडीवर उभं राहून मेलेला दिवा शोधणं मी साठीत सोडलं. घरातली माळ बाहेर पावसात लावायची नाही, वायर सतरंजीखालून न्यायची नाही, मेणबत्ती पडद्याच्या वाऱ्यालाही उभी करायची नाही. वाळकी फांदी काचेच्या बरणीत, तिच्यावर बॅटरीची माळ, मागे आरसा. झाली सजावट. आरशामुळे दिवे दुप्पट दिसतात आणि मला निम्मेच लावावे लागतात. आणि सगळं मुलांच्या उंचीवर लावा. लावायला ती असतात, बघायलाही तीच.

*

सगळ्यांचं वाचून झालं. तेलाच्या फडक्यांचं वाचून आधी माळ्यावरचा खोका उघडून पाहिला. तसलं काही नव्हतं.

आणि हो, पलंग पुन्हा जुन्या जागी आहे. कागदावर मी दार मोजलं, कपाट मोजलं, पण दिव्याचं बटण कुठल्या भिंतीवर आहे ते बघितलंच नाही. रोज रात्री कोण उठणार यावर भांडण व्हायचं. आता उशाशी एक दिवा आणायचा विचार आहे, मग पलंग पुन्हा हलवू. नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही.